परडीत पडलेलं परत देता येत नाही

"दैवशाला, जोगव्याला घरं पाचच. सहाव्या उंबऱ्याकडं बघायचंबी न्हाय. आन् परडीत पडलं ते देवीचं. ते परत द्यायचं न्हाय, इकायचं न्हाय, रातभर घरात ठिवायचं न्हाय. त्याच दिशी रांधायचं, खायचं, उरलं तर वाटायचं."

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण मंगळवारी आणि शुक्रवारी परडी हातात घेतली की हा आवाज अजून कानाशी येतो. त्यांच्या बोलण्यात अशी जरब होती की देवीनं स्वतः येऊन काही वेगळं सांगितलं असतं, तरी मी आधी सासूबाईंना विचारून घेतलं असतं.

आमच्या तुळजापूर तालुक्यात जोगवा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गळ्यात कवड्यांची माळ, हातात वेताची परडी, आणि पाच दारांत उभं राहून "जोगवा वाढा माय" म्हणायचं. दारातली बाई चिमूटभर पीठ, खडाभर मीठ टाकते, कपाळाला कुंकू लावते, झालं. घरात ज्वारीची पोती रचलेली असली तरी मागायचं. माणसाचा ताठा उतरावा म्हणून हे व्रत. आमच्या जळकोटात मोठ्या बागाईतदारांच्या सुनासुद्धा परडी घेऊन निघतात आणि त्यांना कुणी गरीब म्हणत नाही.

मला म्हटलं. म्हणजे तोंडावर नाही, पण म्हटलं.

झालं होतं असं, की आमचे हे ढोकीकडच्या एका गुळाच्या कारखान्यावर वजनकाट्याचे सुपरवायझर होते. ऊस भरून आलेला ट्रॅक्टर ह्यांनी हात वर केला की थांबायचा आणि खाली केला की पुढं जायचा. कारखाना बंद पडला. "पुढच्या हंगामात बघू" असं मालक म्हणाले, आणि पुढचा हंगाम आला तेव्हा मालकच दिसेनात. त्याला दोन वर्षं होऊन गेली. सुरुवातीला ह्यांनी पुष्कळ ठिकाणी चकरा मारल्या. मग चकरा कमी झाल्या, आणि मग हे घराबाहेर पडायचेच थांबले. कारण कोपऱ्यावर गेलं की कुणीतरी विचारणारच, "काय भागवतराव, सध्या काय चाललंय?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण ज्याचं काहीच चाललेलं नाही त्याला तो प्रश्न काट्यासारखा टोचतो. दूध आणायला मी, किराण्याला मी, दळणाला आमची मुलगी शिवांजली. हे आतल्या खोलीत बसून जुनं वर्तमानपत्र नवं असल्यासारखं वाचायचे.

माझी कमाई म्हणजे शिवणयंत्र. गावातल्या बायकांना ब्लाउज नवा लागतो, पण शिलाई जुन्याच दराची लागते. त्यामुळं मी देवीला सांगितलं, ह्यांना काम मिळू दे, नाहीतर निदान उंबऱ्याबाहेर तरी पडू देत. देवी ऐकते, माझा अनुभव आहे. फक्त तिला तपशील नीट सांगावा लागतो. मी तपशिलात कमी पडले.

त्या मंगळवारी नेहमीप्रमाणं शेजारच्या सिताकाकूंच्या दारात गेले. "जोगवा वाढा माय." काकू नेहमी चिमूट टाकतात. त्या दिवशी त्या आत गेल्या आणि पिठाचा डबाच घेऊन आल्या. मी "पुरे, पुरे" म्हणेपर्यंत डबा परडीत पालथा झाला होता. माझा आवाज मुळात हळू. मंत्र पुटपुटायला तो फार चांगला. कुणाला थांबवायला त्याचा उपयोग नाही.

"काकू, एवढं कशाला?"

"असू दे गं बाय. देवीचंच हाय." काकूंनी पदरानं डोळे पुसले. "भागवतराव जेवत्यात का नीट?"

मी म्हटलं, जेवतात की. तर काकूंनी माझ्या पाठीवरून असा हात फिरवला, जणू मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलंय आणि त्यांनी मला माफही केलंय.

दुसऱ्या घरी मिठाचा आख्खा पुडा. तिसऱ्या घरी हुलग्याचं पीठ. चौथं घर आण्णासाहेबांचं. आण्णासाहेब माकणीच्या धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले; तिथं पाणी सोडायचे, इथं सल्ले सोडतात. त्यांच्या बायकोनं बेसन टाकलं आणि आण्णासाहेबांनी ओट्यावरूनच दरवाजे उघडले.

"वैनी, भागवतला सांगा, शेळीपालन. एका शेळीच्या दोन, दोनाच्या पाच. बसल्या बसल्या."

"पहिली शेळी कुठनं आणायची आण्णा?"

"ते बघा तुम्ही. मी दिशा दिली."

पाचव्या घरून बाजरी. परडी एवढी जड झाली की मी ती डोक्यावर घेऊन आले. ह्यांनी दारातच बघितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पुढच्या वेळी हातगाडी लागली तर सांग," एवढंच म्हणाले आणि वर्तमानपत्राआड गेले.

सगळं त्याच रात्री रांधलं, उरलं ते गाईला घातलं, पण मला जेवण गेलं नाही. व्रत कुणाचं आणि अपमान कुणाचा! शुक्रवारी मी अक्कल लढवली. एक तर लहान परडी घेतली, लेकीच्या भातुकलीतली म्हणावी इतकी. आणि दुसरं म्हणजे आमची गल्ली सोडून मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत गेले, जिथं आमच्या घरची फारशी खबर नव्हती.

ती खबर त्या दिवशी लागली. "भागवतरावांची बायको पार आपल्या गल्लीपतुर आली गं, बिचारी," असं म्हणत बायका पीठ-मीठ घेऊन बाहेर आल्या. परडी लहान म्हणून एकीनं पिशवी दिली, आणि पिशवीवर परडी ठेवून म्हणाली, "आता हे समदं परडीतलंच समजायचं." म्हणजे धर्मशास्त्रही त्यांनीच बघितलं.

आता सासूबाईंचा नियम. रातभर ठेवायचं नाही. परत द्यायचं नाही. विकायचं तर नाहीच. ज्वारी, गहू, बाजरी, हुलगा, बेसन अशी पाच घरची पिठं एकाच परडीत पडलेली. त्याची भाकरी थापली तर मोडते, पोळी लाटली तर फाटते. एकच गोष्ट होते, धपाटी. मी तिखट-हळद-तीळ घालून मळलं, ओल्या फडक्यावर थापलं, तव्यावर टाकलं. पहिला घास शिवांजलीनं घेतला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"आई, हे धपाटं आहे का समुद्र?"

मी विसरले होते की तीन घरांनी मीठ पिठातच टाकलेलं.

तेव्हा आतल्या खोलीतून वर्तमानपत्र खाली ठेवल्याचा आवाज आला. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. लग्न झाल्यापासून ह्या दारात हे फक्त "झालं का?" विचारायला आले होते.

"पाच वाहनांचा माल एकत्र केलास आणि वजन कुणाचंच घेतलं नाहीस," हे म्हणाले. "सरक."

त्यांनी खारट गोळा बाजूला काढला, पिशवीतलं बिनमिठाचं पीठ वाटीनं मोजून त्यात मिसळलं, चव घेतली, पुन्हा मिसळलं. वजनकाट्यावर जशी मान वाकडी करून बघायचे तशी मान वाकडी करून थापलं. माझं धपाटं नकाशातल्या जिल्ह्यासारखं होतं. ह्यांचं कंपासनं काढल्यासारखं. आणि चव? नवऱ्याची स्तुती लिहून ठेवू नये म्हणतात, म्हणून एवढंच लिहिते की शिवांजलीनं चार खाल्ली आणि पाचव्यासाठी माझ्या ताटात हात घातला.

उरलेली वाटायची होती. मंगळवारी आणि शुक्रवारी ज्यांनी जोगवा घातला त्या सगळ्यांच्या घरी मी डब्यातून धपाटी पाठवली. वाटलं, फिटलं सगळं. पण एक गोष्ट ध्यानात आली नाही. आमच्याकडं कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. अपशकुन असतो. सिताकाकूंनी डबा शेंगदाणे भरून पाठवला. आण्णासाहेबांकडून तुरीची डाळ आली. मागच्या गल्लीतून गूळ आला.

"हे जोगव्याचं नाही, साधं आलंय. ठेवून दे," हे म्हणाले.

"प्रसादाच्या डब्यातून आलं ते प्रसादाच्या मागंच गेलं पाहिजे," मी म्हटलं.

"असं कुठं सांगितलंय?"

सासूबाईंनी ह्याबद्दल काहीच सांगून ठेवलं नव्हतं. त्यांच्या काळी चिमूटच पडायची. पण शंका असली की कडक बाजू धरावी, अशी माझी रीत. मी शेंगदाण्याची चटणी केली, डाळीची आमटी केली आणि पुन्हा वाटली. पुन्हा डबे भरून आले. देणारा थकेना आणि नियम मोडेना, असं आमचं चक्र सुरू झालं. मंगळवार-शुक्रवारी सकाळपासून हे पीठ मळायला बसत. उरलेलं गाईला घालायचे, तर गाईंनाही वार कळायला लागले. बरोबर त्या दिवशी दाराशी रांगेत उभ्या राहायच्या, आणि आमटी पातळ झाली तर मान हलवून निघून जायच्या.

लोकही यायला लागले. आधी प्रसाद म्हणून, मग ओळखीनं, मग पाहुणा घेऊन. ओसरीवर सतरंजी पडली. मला सांगायला संकोच वाटतो, पण आठवड्याचे इतर दिवस आम्ही तिघं पातळ कण्या खाऊन काढत होतो आणि दोन दिवस आमच्या दारात पंगत बसत होती.

आणि गावाची जीभ पंगतीसारखीच वळली. ज्यांनी बिचारे म्हणून डबे पालथे केले तेच म्हणायला लागले, "काम ना धंदा आन् एवढं अन्नदान? कारखान्यावर बराच पैसा दाबलेला दिसतोय." मी ते सिताकाकूंच्या तोंडून ऐकलं. काकूंनी ते आमच्या ओसरीवर बसून, आमचं धपाटं खात सांगितलं. "मला न्हाय वाटत बाय तसं. लोकं म्हणत्यात. जरा चटणी दे."

इथपर्यंत सोसलं. पण त्या महिन्यात रेशन दुकानात अंगठा लावला तर यंत्रानं आमचं नाव बाजूला काढलं. दुकानदार म्हणाला, "वैनी, तुमच्या विरोधात अर्ज गेलाय. तुम्ही रोज गाव जेवू घालता म्हणे."

"रोज नाही. मंगळवार-शुक्रवार," मी म्हटलं. खरं बोलणं हे माझं रोजचं व्रत आहे, आणि त्यानं आमचं जितकं नुकसान केलंय तितकं कारखान्यानंही केलं नाही.

तालुक्याला कचेरीत गेले. तिथले म्हणाले, उत्पन्नाचा दाखला आणा. दाखल्याच्या खिडकीवर गेले. तिथल्या माणसानं विचारलं, "पतीचं उत्पन्न?"

"नाही."

"काय नाही?"

"उत्पन्न नाही."

"असं चालत नाही. संगणक शून्य घेत नाही. काहीतरी सांगा."

मी डोळे मिटून विचार केला. खरं तर शून्यच. मग मी म्हटलं, "संगणकाला दोन वर्षं आमच्या घरी राहायला पाठवा. शून्य कसं घ्यायचं ते हे शिकवतील." पण हळू बोलले, त्यामुळं ऐकू गेलं नाही. "चौकशीला मॅडम येतील," एवढं मात्र मला ऐकू आलं.

मधल्या काळात आणखी एक झालं. हायवेच्या स्टँडवर गुंडाप्पांचं हॉटेल आहे. कुणीतरी आमची धपाटी तिथं चहाबरोबर खाल्ली, शेजारच्यानं तुकडा मागितला, आणि तुळजापूरला निघालेल्या एका गाडीतल्या माणसांनी गुंडाप्पांना विचारलं, हे नाही का मिळत? गुंडाप्पा दुसऱ्या दिवशी दारात. कर्नाटकाच्या कडेचे, निम्मं मराठी, निम्मं हसू.

"भागवतराव, माझा आचारी पळाला बघा. सून मोनिका गल्ल्यावर बसती, चहा करती, पण तवा काय तिला जमंना. तुम्ही या. तव्यापाशी उभं राहा. मंगळवारी देवीचं गिऱ्हाईक लई असतं."

ह्यांचा चेहरा घडी घातलेल्या कागदासारखा झाला. "गुंडाप्पा, मी वजनकाट्यावर होतो," हे म्हणाले.

"व्हय की. तवाबी काटाच असतो. चुकलं की जळतंय."

हे आत निघून गेले. मी देवापुढं दिवा लावला आणि काहीच मागितलं नाही. मागच्या वेळच्या मागण्याचा हिशेब अजून आवरायचा होता.

शुक्रवारी दुपारी पंगत भरात असताना दारात सरकारी गाडी थांबली. चौकशीच्या क्षमा मॅडम उतरल्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, हातात फाईल, डोळे शांत. ओसरीवरच्या लोकांनी वाटी झाकली, जसं काही जेवणं हाच गुन्हा.

"हे रोज असतं?"

"मंगळवार-शुक्रवार," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोला ताई."

मी जोगव्याची सगळी हकीकत सांगितली. चिमटीपासून पिशवीपर्यंत, डब्यापासून गाईपर्यंत. मॅडमनी लेखणी उघडली होती, ती मिटली. "म्हणजे लोक देतात म्हणून तुम्ही वाटता, आणि तुम्ही वाटता म्हणून लोक देतात?"

"हो."

"आणि तुमचं घर कशावर चालतं?"

एवढ्यात आतून फुस्स असा आवाज आला आणि गॅस गेला. तव्यावर अर्धं धपाटं कच्चं, आणि दहा माणसं पानावर. पंगतीतून गुंडाप्पा उठले. तेही जेवायला बसलेच होते. "थांबा आक्का," म्हणत गेले आणि हॉटेलचं सिलिंडर मोटारसायकलवर बांधून आले. निळं. व्यापारी वापराचं. पुरवठा खात्याच्या मॅडमसमोरून ते आमच्या स्वयंपाकघरात गेलं.

मॅडमनी लेखणी पुन्हा उघडली. "ताई, हे घर आहे की हॉटेल?"

आण्णासाहेब ओसरीवरून म्हणाले, "मॅडम, मी आधीच सांगितलं होतं, शेळीपालन करा म्हणून!"

मला रडू येईल असं वाटलं. मी मनातल्या मनात नाम घेत होते, पण नामसुद्धा माझ्यासारखंच हळू चाललं होतं. तेव्हा हे बाहेर आले. हाताला पीठ, कपाळाला पीठ. ओसरीवर अर्धं गाव. ज्या माणसांना टाळायला हे दोन वर्षं आत बसले होते, ती सगळी आज आमच्याच सतरंजीवर होती.

"मॅडम, तुम्ही मला विचारा. मी ह्या घरचा माणूस," हे म्हणाले.

"बरं. तुम्ही काय करता?"

गाईनंसुद्धा तोंड हलवायचं थांबवलं असं मला वाटलं.

"काही नाही," हे म्हणाले. "दोन वर्षं काही नाही. ही शिवणकाम करते, त्यावर चाललंय. दाबलेलं काही नाही. असतं तर कण्या खाल्ल्या नसत्या."

सिताकाकूंनी हातातलं धपाटं पानात ठेवलं आणि ह्या खेपेला खरंच डोळे पुसले. आण्णासाहेबांना खोकला आला. तो बराच वेळ चालला. मला वाटलं होतं, हे शब्द ह्यांच्या तोंडून निघाले तर छत खाली येईल. छत जिथल्या तिथं होतं. तव्यावरचं धपाटं मात्र जळालं.

"काही न्हाय कसं?" गुंडाप्पा म्हणाले. "माझा तवा मोकळा हाय की."

ह्यांनी हाताचं पीठ झटकलं. मग खाली बघून म्हणाले, "मंगळवारी येतो."

"शब्द?"

"येतो म्हटलं ना."

मॅडमनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रेशन सुरू राहील, तसा शेरा दिलाय. निळं सिलिंडर मी पाहिलं नाही, पण संध्याकाळी ते इथं नको." मी प्रसाद पुढं केला. "ड्यूटीवर काही घेत नाही," म्हणाल्या. मग त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं बघून हसल्या. तो दोन खाऊन तिसरं बांधून घेत होता.

शनिवार गेला, रविवार गेला. ह्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. गावानं मात्र काढला. आण्णासाहेबांचं म्हणणं, रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो. सुपरवायझर कधी तव्यापाशी उभा राहील का? सिताकाकू म्हणाल्या, राहू दे बाय, तो घराभाईर पडला तरी पुष्कळ झालं. शिवांजली म्हणाली, "बाबा जाणार नाहीत, आई. तू मनाची तयारी ठेव." त्या पोरीचं चुकलं नाही. दोन वर्षांत ह्यांनी "उद्या जातो" किती वेळा म्हटलं होतं ते तिनंही ऐकलं होतं. सोमवारी हे दिवसभर वर्तमानपत्र वाचत बसले. दोनदा पान उलटलं, दोन्ही वेळा उलट्या बाजूला.

मंगळवारी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. मागच्या दारी बादलीचा आवाज आला. हे अंघोळ करून, धुतलेला पांढरा सदरा घालून बाहेर आले. स्वयंपाकघरात गेले, थोडा वेळ खुडबुड झाली, आणि धपाटी थापायचं आपलं फडकं पिळून, घडी करून, पिशवीत घालून निघाले. मागच्या दारानं जातील असं मला वाटलं. ते पुढच्या दारानं गेले. गल्लीतून, आण्णासाहेबांच्या ओट्यासमोरून, भर उजेडात. आण्णासाहेब दात घासत होते. तोंडात फेस होता म्हणून त्यांना काही विचारता आलं नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ह्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर पिठाचा हात उमटलाय. आख्खा पंजा, पाचही बोटं. कसा उमटला देव जाणे, पाठ खाजवली असेल. पांढऱ्यावर पांढरा, पण उन्हात दिसत होता.

हाक मारावीशी वाटली. पण कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. मी तांब्या हातात धरून उभी राहिले, आणि ते स्टँडच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत बघत राहिले.